एका किटलीतलं दूध

डेअरीच्या दारात सकाळी सकाळी भांडण जुंपलं, तशा रांगेतल्या बायकांनी किटल्या खाली ठेवल्या. दूध नासलं तर नासू दे, पण भांडण अर्धवट ऐकायचं नाही, अशी त्या गावाची रीत होती. भांडत होती धाकटी. ती रिकाम्या हाताने आली होती, आणि डेअरीवर रिकाम्या हाताने येणारा माणूस एकाच कामासाठी येतो हे मापाड्याला पुरतं ठाऊक होतं. त्याने फॅटचं मशीन जरा मागे सरकवून घेतलं.

झालं होतं असं. डेअरीला दूध घालणाऱ्या घरांना आजारपणाचा विमा असे. दुधाच्या बिलातून थोडं थोडं कापलं जाई, कुणाच्या ध्यानातही येत नसे, आणि घरातलं कुणी दवाखान्यात पडलं की कार्ड दाखवायचं. एका कार्डात अख्खं घर बसायचं, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत. त्या विम्यात आता सुधारणा झाली होती. डेअरीच्या भिंतीवर नवा रंगीत कागद लागला होता. त्यावर आई, बाप आणि दोन पोरं बत्तीशी दाखवत उभी होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आपल्या हितासाठी’. हित म्हटलं की जाणती माणसं आधी खिसा चाचपतात. पण हा कागद लागला तेव्हा सगळे मळणीत अडकले होते, त्यामुळे खिसे चाचपायचे राहून गेले.

मापाड्याने धाकटीला तीन वेळा समजावलं. आता कार्ड अख्ख्या घराचं नाही. ज्याच्या नावाने दूध येतं त्याचं, त्याच्या जोडीदाराचं आणि त्यांच्या लहान पोरांचं. भाऊ, भावजय, दीर, जाऊ, सगळे बाहेर. ज्याला हवं त्याने स्वतःच्या नावाने दूध घालावं आणि नवं कार्ड काढावं.

"मग माझ्या म्हशीचं दूध इतकी वर्षं कुठं जात होतं? गटारात?" धाकटीने विचारलं.

"दूध इथंच येत होतं, वहिनी. नाव थोरलीचं येत होतं." मापाड्याने चष्मा पुसला. "दुधाला नाव नसतं. कार्डाला असतं."

"तीन वर्षं माझा माणूस पोट धरून लोळतोय. आता कुठं ऑपरेशनचं ठरवलं, तर तुमचं हित आडवं आलं."

हे ती इतक्या मोठ्याने बोलली की रांगेच्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. बाईमाणूस कळवळून बोलणारच. पण शब्द एकदा तोंडातून गेला की तो दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतो, आणि धाकटीचा हा शब्द पुढे विम्याच्या कंपनीच्या घरी जाऊन बसला.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. दोघींच्या अंगणात कमरेएवढी विटांची भिंत, आणि ती भिंत दोन वर्षांची. दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, शेताचे तुकडे झाले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या. वाटणी करताना एक गोष्ट मात्र कुणालाच वाटता आली नाही, ती म्हणजे दूध. थोरलीच्या वाट्याला गाय आली होती. दूध भरपूर द्यायची, पण पाण्यासारखं पातळ. एकटं मशीनवर गेलं की मशीन नाक मुरडायचं. धाकटीच्या म्हशीचं दूध थोडं, पण दाट. दोन्ही एका किटलीत ओतलं की फॅट बेताची लागायची आणि सगळं दूध खपायचं. म्हणून बोलणं बंद झालं तरी किटली एकच राहिली. धाकटी पहाटे म्हशीच्या दुधाची चरवी भिंतीवर ठेवी, थोरली ती उचलून किटलीत रिकामी करी आणि पालथी घालून परत भिंतीवर ठेवी. बिलाचे पैसेही त्याच भिंतीवरून येत, दगडाखाली दाबून. तोंडातून अवाक्षर नाही.

अगदीच काही सांगायचं झालं तर थोरली गाईला सांगे आणि धाकटी म्हशीला. लेकी बोले सुने लागे, तसं. "गायबाई, पाण्याची पाळी आज आपली आहे, काही लोकांना आठवण राहत नाही," असं इकडून आलं, की तिकडून म्हशीला सांगितलं जाई की आपण काही कुणाचं पाणी पिऊन जगत नाही. जनावरं बिचारी दोन्हीकडे मान डोलवत.

एवढं वैर कशावरून, तर तेही कार्डावरूनच. सासू आजारी पडली तेव्हा धाकटीने तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. थोरली नको म्हणत होती. म्हातारीचं वय झालंय, इथंच गावात औषध द्या, असं तिचं म्हणणं. धाकटीने ऐकलं नाही. त्या वर्षी अख्ख्या घराला विम्याचं जेवढं छत्र होतं तेवढं सगळं म्हातारीवर संपलं, आणि म्हातारी महिनाभरात गेली ती गेलीच. थोरलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच वर्षी व्हायचं होतं. ते राहिलं, आणि पुढे वाटणीच्या रगाड्यात राहूनच गेलं. तेव्हापासून थोरली एका पायाने चालते आणि दुसऱ्या पायाने धाकटीला शिव्या घालते, असं गावात म्हणत.

आणि आता त्याच थोरलीच्या दारात जायची वेळ धाकटीवर आली. नाइलाज होता. धाकट्याच्या पित्ताशयात खडे होते. एका डॉक्टरने तीन वर्षांपूर्वी नुसतं पोट दाबून सांगितलं होतं. पण पेरणी झाली की बघू, काढणी झाली की बघू, म्हैस व्याली की बघू, असं करत त्याने दुखणं पुढे ढकललं. दुखायला लागलं की जमिनीवर आडवा व्हायचा, घामाने भिजायचा, आणि थांबलं की पुन्हा औताला जायचा. आपल्या अंगाची किंमत कळायला माणसाला आधी दुसऱ्याचं बिल बघावं लागतं.

थोरली अंगणात विळ्याने चारा तोडत बसली होती. धाकटी भिंतीला वळसा घालून समोर उभी राहिली. म्हशीला मध्ये घ्यायची आज सोय नव्हती.

"जाऊबाई, डेअरीवर एक शब्द टाका. किटलीतलं अर्धं दूध आमचं होतं, एवढंच सांगा. मग आमचं जुनं कार्ड चालू राहील, असं मापाडी म्हणतो."

थोरलीने विळा खाली ठेवला नाही. "आणि माझं काय उरतं? गाईचं पाणी? तेवढ्यावर मला ठेवतील का ते विम्यात?"

"माझा माणूस मरेल अशानं."

"माझा गुडघा मेला तेव्हा कुठं होतीस?"

"ती तुमचीही सासू होती."

"होती. आणि ती जाणारच होती. तू तिच्याबरोबर माझं कार्डही पाठवून दिलंस."

थोरला भाऊ ओट्यावर मूग गिळून बसला होता. त्याने एकदा खोकून बघितलं, पण बायकोने मान वळवताच खोकला आतल्या आत जिरला. धाकटी परत फिरली. दोन वर्षं जे म्हशीला सांगून साचवलं होतं, ते सगळं तिने वाटेत एकटीनेच बोलून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर चरवी आली नाही. धाकटी स्वतः किटली घेऊन डेअरीवर गेली, स्वतःचं नाव लावलं आणि नव्या कार्डासाठी अंगठा दिला. म्हशीचं निव्वळ दूध. मशीनने असा आकडा दाखवला की मापाड्याने काच पुसून पुन्हा बघितला. तिच्या मागोमाग थोरली आली, एक पाय ओढत. तिचं दूध मशीनने घेतलं नाही. मापाडी म्हणाला, नियम आहे, माझ्या हातात काही नाही. थोरली भरली किटली घेऊन भर रस्त्याने परत निघाली आणि सगळी रांग तिच्याकडे बघत राहिली. धाकटीला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, चांगलंच बरं वाटलं. घरी गेल्यावर मात्र घास गोड लागेना, आणि त्याचा राग तिने नवऱ्यावर काढला.

थोरलीने चार-आठ दिवस दुधाचं दही लावलं, वासराला पाजलं, ओतलंही. मग तिला वाटलं की दूध बंद झाल्यावर कार्डही बंद होईल, त्याआधी गुडघा तरी करून घ्यावा. नवं चकचकीत कार्ड कमरेला खोचून ती शहरात गेली आणि त्याच दिवशी परत आली. काय झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही. पण थोरल्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. कंपनी म्हणाली की सुधारणा झाल्यापासून जुनी कार्डंही नवी धरली जातात. आणि नव्या कार्डाला जुनं दुखणं चालत नाही. तीन वर्षं थांबा, मग बघू. ज्या कार्डासाठी थोरलीने जावेला दारातून परत पाठवलं, ते कार्ड तिला पंख्यासारखा वारा घ्यायलाच उरलं.

हे ऐकून धाकटी मनाशी हिशेब करू लागली. गुडघा जुना, तर खडे कुठले नवे?

महिना उलटला आणि धाकट्याला असं दुखणं आलं की उठवता येईना. शेजारच्या टेंपोत घालून शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं की आता पुढे ढकलायचं नाही. केव्हापासून दुखतंय असं विचारल्यावर धाकटा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच धाकटीने त्याच्या पायाला असा चिमटा काढला की तो पोटाचं दुखणं विसरला. "या महिन्यापासून," तीच म्हणाली. दवाखान्याने कार्ड कंपनीकडे पाठवलं. कंपनीने कळवलं, आधी आमचा माणूस गावात येऊन चौकशी करेल. तोवर सलाइन लावून ठेवा.

चौकशीवाला आला तो आधी डेअरीवर गेला. गोड बोलायचा, प्रत्येकीला मावशी म्हणायचा. पण ज्या बायकांनी किटल्या खाली ठेवून सगळं भांडण ऐकलं होतं त्यांना आता काहीच आठवत नव्हतं. एकीला तर धाकट्याला पोट आहे हेही माहीत नव्हतं. मापाडी मात्र साधा. तो म्हणाला, "साहेब, तीन वर्षं असं काहीतरी कानावर आलं होतं बुवा. पण तिच्या जावेला विचारा. त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, ती काही लपवणार नाही." चौकशीवाल्याला हेच हवं होतं. नातेवाईक खोटं बोलतात, मित्र खोटं बोलतात, पण वैरी खरं बोलतो, हे त्याच्या धंद्यातलं ज्ञान होतं.

धाकटी कपडे न्यायला घरी आली होती. भिंतीपलीकडे मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला तशी ती गोठ्यात म्हशीआड जाऊन उभी राहिली. थोरलीने एक वाक्य बोलायचा अवकाश, की खेळ खलास. आणि ते वाक्य बोलायला थोरलीला खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

चौकशीवाल्याने पाणी मागितलं, चारा-पाण्याची विचारपूस केली आणि मग हळूच मुद्द्यावर आला. तुमच्या दिराचं दुखणं फार जुनं आहे म्हणे.

थोरली गुडघा चोळत ओट्यावर बसली होती. तिने हात भिंतीकडे केला. मग म्हणाली, "ही भिंत बघितलीत का साहेब? ही त्याने घातली. दोन वर्षं झाली. एकट्याने विटा वाहिल्या, सिमेंट कालवलं, आणि वीट बसवताना दर वेळी मला एक शिवी दिली. खणखणीत आवाजात. पोट दुखणारा माणूस अशी भिंत घालतो का?"

"पण गावात बोलतात की..."

"गावात तर असंही बोलतात की सासूला मी मारलं. तेही लिहून घ्या."

चौकशीवाला हसला. "तुमचं त्यांचं पटत नाही असं ऐकलं."

"त्याचं तोंड बघितलं तर माझ्या घरातलं दूध नासतं. त्याला साधी शिंक आली असती तरी मी चार घरी सांगत फिरले असते. तीन वर्षं दुखणं असतं आणि मला कळलं नसतं? अहो, डॉक्टरला कळायच्या आधी ते भांडखोर शेजारणीला कळतं."

चौकशीवाल्याने वही मिटली. त्याच्याच धंद्यातलं ज्ञान थोरलीने त्याच्या गळ्यात घातलं होतं. तो उठायला लागला, तर थोरलीने त्याला खाली बसवलं.

"आलाच आहात तर माझा गुडघा बघून जा. हा जुना आहे म्हणून तुमच्या माणसांनी मला परत पाठवलं. माणूस जुना झाला की दुखणं जुनंच असणार. नवं दुखणं होतं ते तान्ह्या पोराला, आणि त्याचं नाव अजून तुमच्या कार्डात चढलेलं नसतं. मग तुम्ही बरं करता तरी कुणाला?"

चौकशीवाल्याने घड्याळ बघितलं आणि गाडीला किक मारली. गोठ्यात धाकटी म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी होती. भिंत घातली त्या दिवसाची संध्याकाळ तिला आठवली. शेवटची वीट बसवून धाकटा तिथंच, त्याच भिंतीला टेकून पोट धरून बसला होता, आणि पलीकडून थोरलीने ते सगळं बघितलं होतं. बघितलं होतं आणि इतके दिवस पोटात ठेवलं होतं.

गाडीचा आवाज विरला तशी पलीकडून थोरली गाईला सांगू लागली, "गायबाई, कुणी असं समजू नये की आपण कुणावर उपकार केले. मेल्यांनी मला एकटीला मूर्ख बनवलं, आता त्यांना एकदा मूर्ख बनवलं. फिटंफाट. आणि चरवी कुणी ठेवणार असेल तर वेळेवर ठेवावी, दूध ओतून ओतून माझा हात दुखायला लागलाय. हे दुखणं मात्र नवं आहे."

धाकटीने डोळे पुसले आणि म्हशीला सांगितलं, "ऐकलंस का गं? ठेवू म्हणावं. पण अर्धंच. आता नावं दोन आहेत, किटल्याही दोन लागतील."

ऑपरेशन झालं. कंपनीने क्लेम मंजूर केला खरा, पण हातमोजे, कापूस आणि पट्ट्यांचे पैसे कापून घेतले. धाकटी म्हणाली, यांनी पोट शिवलं, दोरा तरी दिला हे नशीब. धाकटा घरी आला तो काढलेले खडे बाटलीत घालून. आल्यागेल्याला दाखवत बसला, जसं काही शेतात पिकवलेत. धाकटीने ती बाटली हिसकावून कणगीमागे लपवली. एकेक खडा बोराएवढा होता, आणि महिन्याभरात एवढा खडा होतो हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं.

थोरलीने ते भिंतीवरून बघितलंच. "एका महिन्यात एवढाले," ती गाईला म्हणाली. "आपला मका असा आला असता गायबाई, तर तुला काडी चघळत बसावं लागलं नसतं."

आता रोज पहाटे भिंतीवर दोन चरव्या असतात. अर्धी म्हैस इकडे, अर्धी गाय तिकडे. दोन किटल्या, दोन नावं, आणि दोन्हींची फॅट मशीनला जेमतेम पटेल एवढी. एक काटा खाली गेला तर दोघीही परत, एवढं बेताचं. थोरलीच्या गुडघ्याला मात्र अजून तीन वर्षं थांबायचं आहे. सुधारणा अशी की दुखणाऱ्याने आधी दुखून दाखवायचं.

एका सकाळी थोरली दारातून पाय बाहेर टाकेना. थोरल्याने काठी पुढे केली, ती तिने फेकून दिली, तसा तो आत निघून गेला. धाकटी भिंतीपलीकडून बघत होती. ती वळसा घालून आली, थोरलीची किटली उचलली, आपली दुसऱ्या हातात घेतली आणि डेअरीची वाट धरली.

"वाटेत पाणी घातलंस तर मशीन सांगेल मला," मागून आवाज आला.

धाकटीने वळून बघितलं. गाय केव्हाच चरायला गेली होती. दारात थोरलीशिवाय कुणी नव्हतं, म्हणजे हे तिलाच होतं. ती पुढे निघाली. दोन्ही किटल्या जड होत्या आणि डेअरीवर रांग लागली होती.